पोस्टकार्डावरची खोट छापखान्यातली की ट्रंकेतली?

प्रश्न : कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं जुनं घर आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत शे-सव्वाशे पोस्टकार्डं मिळाली. व्हिक्टोरिया राणीच्या छापाच्या पाव आण्यापासून वाघाच्या १५ पैशांपर्यंत. २०१९ च्या पुरात ट्रंकेच्या तळाला पाणी लागलं होतं. काही कार्डं वेगळी वाटतात. एका वाघाच्या कार्डाच्या पाठीवर वाघ उलटा उमटलाय. एकाचं छापील तिकीट अर्धं कापलंय. राणीच्या एका कार्डावर तिकीट जवळजवळ दिसतच नाही. गुळाच्या अडतदुकानाच्या छापील कार्डात एक अक्षर चक्क डोक्यावर उभं आहे. शिवाय वाघाच्या तीन कार्डांवर पिनकोडच्या तिसऱ्या चौकोनाची खालची रेघ तुटलेली आहे, पण ते किरकोळ असावं. यांतले खरे छपाईदोष कोणते आणि ते ओळखायचे कसे?

उत्तर :

किरकोळ म्हणून तुम्ही शेवटी टाकलेली ती तुटकी रेघच या ट्रंकेतला सगळ्यात भरवशाचा माल आहे. उलटा वाघ पाहिला की कुणाचेही डोळे चमकतात, पण तो बहुधा ट्रंकेतच जन्मलाय. कसं ते पुढे येतं.

कार्डावरची खोट तीन ठिकाणी होऊ शकते. एक, प्लेटवर. प्लेटला ओरखडा गेला किंवा रेघ तुटली, की ती प्लेट यंत्रावर असेपर्यंत त्या जागेवरून निघणाऱ्या प्रत्येक कार्डावर तीच खोट येते. हा कायम दोष. दोन, छापताना. कचरा पडला, कागद दुमडला, शाई कमी पडली. असं काही शीट चालतं आणि मग आपोआप किंवा यंत्रावरच्या माणसाच्या लक्षात आल्यावर थांबतं. हा तात्पुरता दोष. तीन, छापखान्याबाहेर. ऊन, पाणी, कात्री, खोडरबर, हळद. पहिल्या प्रकाराची संग्राहक नोंद ठेवतात, दुसऱ्याला गंमत म्हणून गिऱ्हाईक मिळतं, तिसऱ्याला काहीच नाही. फसवाफसवी होते ती तिसऱ्याला दुसऱ्याचे कपडे घालून.

साहित्य फार लागत नाही. दहा पटींचं भिंग घ्या. पंचवीस-तीस पटींचं स्वस्त भिंग घेऊन उपयोग नाही, त्यात हात हलतो आणि चित्र पोहतं. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी, छोटी टॉर्च आणि जमल्यास ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. जाडी मोजायला मायक्रोमीटर लागतो. तो विकत घेऊ नका, उद्यमनगरात कुठल्याही टर्नरकडे पाच मिनिटांसाठी मिळेल. फक्त त्याच्या दांड्या आधी पुसून घ्या, नाहीतर कार्डावर तेलाचा गोल उठेल आणि तुम्हीच एक नवा दोष तयार कराल.

कुठलंही कार्ड तपासताना सुरुवात छपाईची पद्धत ओळखण्यापासून करा, कारण पद्धतीप्रमाणे दोष बदलतात. उठावाच्या छपाईत, म्हणजे आपल्याकडच्या ट्रेडल यंत्रावर व्हायची तशा खिळ्या-ब्लॉकच्या (खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं) छपाईत, शाई दाबाने अक्षराच्या कडेला सरकते. भिंगातून पाहिलं तर अक्षराची किनार गडद आणि मधला भाग किंचित फिका दिसतो. कार्ड उलटं करून टॉर्च अगदी आडवी धरली तर पाठीवर दाबाचा उठावही दिसतो. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेटवरची शाई आधी रबरी ब्लँकेटवर आणि तिथून कागदावर जाते त्या छपाईत, यांतलं काहीच नसतं. शाई सपाट, किनार एकसारखी, पाठ गुळगुळीत. आता याचा उपयोग : उठावाच्या प्लेटला खाच पडली की तिथे शाई लागत नाही, पांढरं राहतं. ऑफसेटच्या प्लेटवर कोऱ्या जागेत ओरखडा गेला तर तोच शाई धरतो आणि नसलेली रेघ उमटते. म्हणून ऑफसेटच्या कार्डावर केसासारखी बारीक जादा रेघ दिसली तर ती खरी असू शकते. उठावाच्या छपाईत तशी रेघ दिसली तर आधी तो पेनाचा फराटा किंवा खरोखरच केस नाही ना, ते बघा.

आता ती तुटकी रेघ.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे चौकोनांची कार्डं त्यानंतरचीच. तीन कार्डांवर एकाच चौकोनाची एकच बाजू तुटलेली असणं हा योगायोग नव्हे. पण म्हणून तो कायम दोष ठरला, असंही नाही. तिन्ही कार्डं शेजारी ठेवून तुटीचा आकार बघा. तुटीची दोन्ही टोकं कशी आहेत? एक टोक तिरकं आणि दुसरं बोथट असेल, आणि तिन्हींवर अगदी तसंच असेल, तर प्लेटच तुटली आहे. टोकं गोलसर असतील आणि तुटीच्या मधोमध शाईचा छोटा ठिपका असेल, तर तो कचऱ्याचा डाग. ऑफसेटवाले त्याला हिकी म्हणतात. शाईची वाळकी खपली किंवा कागदाचा कण प्लेटवर किंवा ब्लँकेटवर चिकटतो. तो स्वतः शाई घेतो, पण उंच असल्यामुळे त्याच्या भोवतीची जागा कागदाला टेकत नाही, म्हणून मध्ये ठिपका आणि भोवती पांढरं कडं, मेदूवड्यासारखं. कागदाचा नुसता धागा असेल तर मधला ठिपकाही नसतो, फक्त धाग्याच्या आकाराची पांढरी जागा राहते.

हिकीसुद्धा सलग बऱ्याच शीटवर येते, हीच इथली मेख. तुमच्या घरी पत्रं पाठवणाऱ्या कुणी एकाच दिवशी पोस्टातून पंचवीस कार्डं आणली असतील, तर एकाच गठ्ठ्यातली तीन कार्डं एकाच हिकीची निघू शकतात. म्हणून शिक्के बघा. तिन्हींवर एकाच गावचा आणि एकाच आठवड्यातला शिक्का असेल तर पुरावा कमजोर. एक गडहिंग्लजहून, एक सांगलीहून, एक मुंबईहून आणि मध्ये सहा-सहा महिने, असं असेल तर तो कायम दोषच समजा. एक पथ्य पाळा : शिक्क्याची तारीख ही कार्ड वापरल्याची तारीख असते, छापल्याची नव्हे. खेड्यातल्या पोस्टात कार्डं महिनोन्‌महिने पडून असायची. त्यामुळे शिक्क्यांवरून दोषाचा काळ साधारण कळतो, नेमका नाही.

तुटीची लांबीही मोजा. प्लेटवरची भेग पुष्कळदा वाढत जाते. आधी अर्धा मिलिमीटर, पुढे एक, शेवटी अख्खी बाजूच गायब. तिन्ही कार्डांवर लांबी वेगवेगळी निघाली तर बिचकू नका, उलट तुमचं नशीब. एकाच दोषाच्या तीन पायऱ्या हातात असणं एका कार्डापेक्षा कितीतरी मोलाचं. मात्र टोकांपैकी निदान एक तिन्हींवर त्याच बिंदूवर हवं.

उरलेल्या वाघांवर तो चौकोन धड आहे, मग हा दोष कसा, असं मनात येईल. कार्डं एकेक छापत नाहीत. मोठ्या शीटवर अनेक कार्डं एकदम छापून नंतर कापतात. प्लेटवरच्या एकाच जागेत खोट असेल तर शीटमागे एकच कार्ड सदोष निघतं. सगळ्याच कार्डांवर ती रेघ तुटलेली असती, तर मात्र तो दोष नसून मूळ आराखडाच तसा, असं म्हणावं लागलं असतं.

जागा मोजताना एक चूक सर्रास होते. कार्डाच्या कडेपासून मोजतात. कटिंग मशीनवर कड एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतेच, म्हणून कडेपासूनचं माप दोन कार्डांत जुळत नाही आणि चांगला दोष ‘वेगळा’ म्हणून बाद होतो. माप नेहमी छपाईतल्याच एखाद्या खुणेपासून घ्या. उदाहरणार्थ, ‘तिसऱ्या चौकोनाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजवीकडे १.५ मिमी ते २.५ मिमी’. एवढं लिहिलं की दुसऱ्या गावच्या संग्राहकाला त्याच्या गठ्ठ्यात तोच दोष शोधता येतो.

उलट्या वाघाकडे येऊ. पाठीवर चित्र उमटण्याच्या चार तऱ्हा आहेत आणि चारींची किंमत वेगळी.

पाठीवरचं चित्र आरशातलं आहे की सरळ, हे पहिल्यांदा ठरवा. ‘१५’ वाचून बघा. आकडा सरळ वाचता आला तर कागद दोनदा छापला गेलाय. हे फार दुर्मीळ, आणि म्हणूनच आधी बनावटीचा संशय घ्यावा. आरशातला असेल तर कार्ड खिडकीच्या काचेवर धरा. पाठीवरचा वाघ पुढच्या वाघाच्या बरोबर मागे, केसभरही न सरकता बसला आणि छाप ठसठशीत असेल, तर यंत्रात एक शीट सुटलं होतं. कागद न आल्यामुळे ब्लँकेटवरची शाई थेट दाबाच्या सिलिंडरवर गेली, आणि पुढचं शीट आलं तेव्हा त्याच्या पुढे नेहमीची छपाई व पाठीवर सिलिंडरवरची शाई, असं दोन्ही एकदम उमटलं. असे छाप पुढच्या काही शीटवर फिके होत जातात. हा खरा तात्पुरता दोष, आणि देखणाही.

छाप फिका, ठिपक्याठिपक्यांचा आणि थोडा सरकलेला असेल, तर ओल्या शाईचं शीट गठ्ठ्यात दुसऱ्याला चिकटलंय. छापखान्यात हे रोजचंच. त्यासाठीच तर शीटवर पावडर मारतात. याला फारसं मोल नाही.

चौथी तऱ्हा तुमची असावी, असा माझा अंदाज आहे. पुराच्या ओलीत आणि वरच्या कार्डांच्या वजनाखाली एका कार्डाची शाई शेजारच्या पाठीवर गेली. याची एक हमखास परीक्षा आहे. उलट्या वाघाबरोबर पोस्टाचा शिक्काही उलटा उमटलाय का, किंवा पत्त्याच्या हस्ताक्षराची पुसट उलटी सावली दिसते का, ते टॉर्चच्या तिरक्या उजेडात शोधा. शिक्का छापखान्यात बसत नाही. उलट्या शिक्क्याचं एक टोक जरी सापडलं तरी विषय संपला. दुसरी खूण म्हणजे उमटलेल्या चित्राभोवती पाण्याची पिवळट कड. ती असेल तर पुढे वेळ घालवू नका.

अर्ध्या कापलेल्या तिकिटाला पट्टी लावा. आपलं नेहमीचं कार्ड १४ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद. राणीच्या काळातली पहिली कार्डं याहून लहान होती, त्यांना हे माप लावू नका. छापखान्यातच चुकीचं कापलेलं कार्ड बहुतेक वेळा मापाला पूर्ण भरतं, फक्त छपाई सरकलेली असते. म्हणजे उजवीकडे तिकीट कापलंय तर डावीकडे तेवढाच जादा कोरा भाग किंवा शेजारच्या कार्डाचा तुकडा दिसायला हवा. कार्ड १४ ऐवजी १३ सेंमी भरलं आणि डावीकडची जागा नेहमीइतकीच असली, तर ते नंतर कुणीतरी कापलंय. दोन्ही कर्णही मोजा. चौकोनी कापलेल्या कार्डाचा कर्ण १६.६ सेंमीच्या आसपास येतो आणि दोन्ही सारखे असतात. एक-दोन मिलिमीटरचा फरक आला तर कापणं तिरकं आहे. ते यंत्रावरही होतं, पण तेव्हा समोरासमोरच्या कडा समांतर राहतात. कड भिंगाखाली बघा. यंत्राचं पातं गठ्ठा एका दमात कापतं, कड सरळ आणि एकसारखी मळलेली असते. कात्रीने कापताना हात जिथे थांबून पुढे सरकला तिथे बारीक पायरी राहते.

कोपराच फाटलेलं कार्ड मिळालं तर त्याला चुकीचं कापलेलं म्हणू नका. दुःखाची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडायची रीत आपल्याकडे घरोघर होती. तसं कार्ड घरात ठेवू नये म्हणून वाचून लगेच फाडत, त्यामुळे उरलेली कमी आहेत. छपाईदोष म्हणून त्याला काही अर्थ नाही, पण टपालाच्या इतिहासात त्याची जागा वेगळी आहे. तो कोपरा चिकटपट्टीने जोडायला जाऊ नका.

तसंच हळदीकुंकवाचं. लग्नाच्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना बोट लावलेलं असतं. हळदीवर साबणाचं किंवा सोड्याचं पाणी पडलं की ती तांबूस होते, आणि पुरात भिजलेल्या गठ्ठ्यात हा तांबूस डाग शेजारच्या कार्डावर असा उतरतो की दुसऱ्या रंगाची छपाईच वाटावी. छपाईची शाई तंतूंच्या वर बसते आणि तिला कड असते. हळद तंतूंमध्ये शिरते आणि कडेला विरत जाते. भिंगाखाली दोघींत गोंधळ होऊच शकत नाही.

राणीचं फिकं तिकीट हा नाजूक मामला आहे. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला आलं, किंमत पाव आणा, छपाई लंडनच्या डे ला रू कंपनीची. त्यावर ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ अशी इंग्रजी अक्षरं. टपालाची तिकिटं छापणारा नाशिक रोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस सुरू झाला तो १९२५ मध्ये, म्हणजे राणीच्या कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही. डे ला रू कंपनी काही तिकिटांसाठी मुद्दामच पाण्यात उतरणारी शाई वापरत असे, हेतू हा की शिक्का धुऊन तिकीट पुन्हा वापरायला गेलं तर तिकीटच खराब व्हावं. त्यामुळे जुन्या छापावर पाणी गेलं असेल तर रंग फिका होण्यात नवल नाही.

कोरड्या छपाईमुळे, म्हणजे शाई कमी पडल्यामुळे, फिकं झालेलं तिकीट वेगळं दिसतं. त्यात फिकटपणा सारखा नसतो. जाड भागात कागदाचे उंचवटे शाई घेतात, खड्डे कोरे राहतात आणि छाप दाणेदार होतो. बारीक रेघा मात्र शाबूत असतात. पाण्याने उतरलेल्या तिकिटात बारीक रेघा आधी जातात आणि सगळा भाग दुधाळ दिसतो. उन्हाने उडालेल्या तिकिटात तपशील सगळा शाबूत, फक्त रंग नाही, आणि कार्डाची तीच बाजू पिवळी पडलेली असते.

पण या सगळ्याआधी पत्ता बघा. जुनी निळी-काळी शाई जिथे पसरून तिच्याभोवती प्रभावळ आली आहे, तिथे पाणी पोचलंय. तिकीट फिकं आणि शेजारचा पत्ताही फुटलेला, तर उत्तर उघड आहे. पत्ता खणखणीत आणि फक्त तिकीट फिकं, तरच पुढे तपासा. तेव्हा त्या जागेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, आणि तिकिटापासून दूर तीन ठिकाणी मोजून ताडून बघा. खोडरबर किंवा ब्लेड चाललं असेल तर तिथे कार्ड शतांश मिलिमीटरच्या दोन-तीन घरांनी पातळ भरतं, आणि तिरक्या उजेडात तंतू उभे राहिलेले दिसतात.

अतिनील दिव्याबद्दल सावध करतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं येऊ लागली, त्यामुळे नवा कागद दिव्याखाली निळसर चमकतो. १८७९ चं कार्ड तसं चमकलं तर ते नक्कल असू शकतं, हे बरोबर. पण कपडे धुण्याच्या पावडरमध्येही तीच रसायनं असतात. पुराचा चिखल काढायला कुणी साबणाच्या पाण्याचं फडकं फिरवलं असेल, तर अस्सल कार्डही चमकेल. फडक्याची चमक फराट्याफराट्यांची असते, कागदाची चमक कडेपासून कडेपर्यंत सारखी. दिव्याकडे थेट बघू नका.

गुळाच्या अडतदुकानाचं कार्ड. यावर दोन छापखान्यांचं काम आहे. तिकीट आणि पत्त्याच्या रेघा सरकारी, मजकूर गावातल्या ट्रेडलवरचा. व्यापारी पोस्टातून कोरी कार्डं घेऊन भावाचा, हिशेबपट्टीचा, पोच मिळाल्याचा मजकूर स्थानिक छापखान्यात छापून घेत. म्हणून उलटं अक्षर ही टपाल खात्याची चूक नव्हे, खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची. देवनागरी खिळा उलटा बसला की लपत नाही. शेजारच्या अक्षरांची शिरोरेषा वर जुळत जाते आणि या एकाची खाली लोंबते. अशाच कार्डांवर दोन शब्दांच्या मध्ये काळी उभी चौकट दिसते. तो स्पेस, म्हणजे शब्दांमध्ये अंतर ठेवायला घातलेला धातूचा तुकडा. फर्मा, म्हणजे जुळवलेला मजकूर, सैल आवळला की यंत्राच्या हादऱ्याने तो हळूहळू वर येतो आणि शाई घेतो. एकाच दुकानाची दहा कार्डं असतील तर ही चौकट पहिल्यावर नाही, पाचव्यावर पुसट, दहाव्यावर ठळक, असा क्रम लावता येतो.

पोस्टाच्या कार्डातला दोष म्हणून हे विकायला काढलं तर जाणकार हसेल. पण शाहूपुरीच्या गूळबाजाराचा कागद म्हणून त्याला दाम देणारी माणसं वेगळी आहेत आणि ती कोल्हापुरातच भेटतील. ते कार्ड त्यांच्यासाठी राखून ठेवा.

ट्रंकेत आणखी काय निघेल त्याबद्दल थोडक्यात. २००२ पासूनची जाहिरातवाली मेघदूत कार्डं असतील तर रंग सरकलेले दिसतील. अर्धा मिलिमीटर सरकलेला रंग म्हणजे रोजची छपाई, त्याला दोष म्हणायचं नाही. एखादा रंग पूर्ण गायब असेल तर मोठी गोष्ट, पण पिवळा गायब वाटला तर आधी ऊन आठवा. पिवळा बहुधा सगळ्यात आधी उडतो, हिरवं निळं दिसायला लागतं. खरोखर न छापलेल्या रंगाचा एक ठिपकाही भिंगात सापडत नाही. उडालेल्या रंगाचे अवशेष कुठेतरी राहतातच. दुहेरी छपाई वाटली तर दोन्ही प्रतिमा सारख्याच पूर्ण आहेत का ते बघा. दुसरी प्रतिमा फिकी आणि एकाच दिशेला ओढल्यासारखी असेल, तर तो सैल ब्लँकेटचा घसरा आहे. जोडकार्डं, म्हणजे पत्राचं आणि उत्तराचं कार्ड एकत्र असलेली, मिळाली तर दोन्ही अर्धी एकमेकांना जोडलेली आहेत का एवढंच आधी पाहा. सुटं झालेलं उत्तराचं अर्ध कार्ड ‘वेगळ्याच मजकुराचं’ म्हणून दाखवणारे पुष्कळ. कार्डाच्या पुठ्ठ्यात काळपट काडी दिसली तर ती लगद्यातली. छपाई तिच्यावरून गेलेली असते.

संस्थानांच्या नावाचा शिक्कावजा छाप मारलेली कार्डं मात्र जपून. ग्वाल्हेर, पतियाळा, नाभा, जिंद, चंबा आणि फरीदकोट या सहा संस्थानांसाठी ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालाच्या छापील मालावर वेगळं नाव छापून दिलं जाई. त्यात तुटकी आणि आखूड अक्षरं खरोखर सापडतात, पण नकली छापही भरपूर. वापरलेल्या कार्डावर एक साधी कसोटी आहे. नावाचा छाप पोस्टाच्या शिक्क्याखाली हवा. भिंगाखाली नाव शिक्क्याच्या वर चढलेलं दिसलं तर ते टपाल पोचल्यानंतर घरी बसून छापलेलं आहे.

आता तुलना. स्कॅनर १२०० डीपीआयवर ठेवा. त्यात एक ठिपका साधारण ०.०२ मिलिमीटरचा पडतो, तेवढं पुरतं. आपोआप रंग सुधारणं, धार वाढवणं, धूळ काढणं, हे सगळं बंद करा. धूळ काढणारा पर्याय चालू राहिला तर तो तुमची हिकीच पुसून टाकतो. कार्डामागे काळा कागद ठेवा, म्हणजे कड स्पष्ट येते आणि पाठीवरचं पुढे झिरपत नाही. चांगल्या कार्डाचं आणि सदोष कार्डाचं चित्र एकावर एक ठेवून वरचं अर्धपारदर्शक करा. जुळवताना एका बिंदूवर नाही, लांबच्या दोन बिंदूंवर जुळवा, एक तिकिटाचा कोपरा आणि दुसरा पत्त्याच्या शेवटच्या रेघेचं टोक. मग वरचं चित्र भराभर चालू-बंद करत राहा. जे जागचं हलतं ते डोळ्यात भरतं. ओलीने कार्ड आडव्या आणि उभ्या दिशेला वेगवेगळं ताणलं जातं, तेव्हा पुरातल्या कार्डावर थोडी तफावत आली तर ती सगळीकडे हळूहळू वाढत गेलेली दिसेल. दोषाची तफावत एकाच जागी असते.

कार्डं अजून दमट असतील तर उन्हात टाकू नका, इस्त्री तर नाहीच. टीपकागदाच्या घड्यांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्या आणि पहिले दोन दिवस टीपकागद सकाळ-संध्याकाळ बदला. लॅमिनेशन आणि चिकटपट्टी वर्ज्य. वह्यांना घालतात तसली मऊ पीव्हीसीची कव्हरंही नकोत, ती शाई ओढतात. पॉलिएस्टरची पाकिटं घ्या आणि कार्डं उभी ठेवा, गठ्ठा करून नको, नाहीतर पुढच्या आषाढात आणखी एक उलटा वाघ जन्माला येईल.

किमतीचं विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवतो. वाघाचं साधं कार्ड भरपूर उपलब्ध आहे, दोष असला तरी त्याची लॉटरी लागत नाही. तीन कार्डांचा कायम दोष सिद्ध झाला तर साध्या कार्डापेक्षा बरा भाव येईल, तोही तिन्ही एकत्र दिली तर. एकेक करून विकाल तर पुरावाच फोडाल, कारण एकट्या कार्डावरची तुटकी रेघ कुणालाही कचऱ्याचा डाग वाटू शकते.

आज संध्याकाळी एवढं करा : ती तीन कार्डं बाजूला काढा, प्रत्येकाच्या शिक्क्यावरचं गाव आणि तारीख लिहा, चौकोनाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यापासून तुटीची सुरुवात आणि शेवट मिलिमीटरमध्ये मोजा, आणि टोकांचा आकार पेन्सिलीने मोठा करून काढा. मग उरलेले सगळे वाघ त्या चित्राशी ताडून बघा. चौथं कार्ड तिथेच असण्याची शक्यता आहे, अगदी छोट्या खाचेचं, आतापर्यंत नजरेतून सुटलेलं.